सर्वांचे यंत्र, सर्वांची जबाबदारी

मुलांनो, गावाची विहीर सर्वांची असते. तिचे पाणी भरण्याचा हक्क प्रत्येकाला असतो. परंतु एखाद्याने तिच्यात घाण टाकली, तर साऱ्या गावाचे पाणी तुटते. विद्यापीठातील संगणकांचेही असेच आहे. तेथे हजारो विद्यार्थी व संशोधक एकाच जाळ्याने जोडलेल्या यंत्रांवर काम करतात. याचा विसर पडला म्हणजे काय घडते, हे १९८८ साली अमेरिकेत दिसून आले.

रॉबर्ट मॉरिस हा कॉर्नेल विद्यापीठातील २२ वर्षांचा बुद्धिमान विद्यार्थी. संगणकांच्या सुरक्षाव्यवस्थेतील उणिवा दाखवाव्यात, या हेतूने त्याने एक आज्ञावली रचली. ती एका संगणकातून दुसऱ्यात आपण होऊन शिरे. लोकांनी निवडलेले परवलीचे सोपे शब्दही ती ओळखून काढी. 'माझी प्रत येथे आधीच आहे काय?' असे ती प्रत्येक यंत्राला विचारी. परंतु कोणी यंत्राला खोटेच 'होय' म्हणावयास शिकविले तर? म्हणून 'होय' असे उत्तर आले, तरी दर सातव्या वेळी नवी प्रत घालावी, अशी योजना त्याने केली.

येथेच त्याचा हिशेब चुकला. २ नोव्हेंबर रोजी ही आज्ञावली जाळ्यात सोडताच तिच्या प्रती भराभर वाढल्या. तिने कोणाचेही लेखन पुसले नाही. परंतु तिच्या भाराने यंत्रे मंदावली आणि कित्येक बंद पडली. त्या वेळी जाळ्यात सुमारे ६०,००० संगणक होते. त्यांपैकी सुमारे ६,००० बाधित झाले, असा अंदाज आहे. मॉरिस घाबरला. त्याने व त्याच्या मित्राने उपाय सांगणारा निनावी संदेश पाठविला. पण वाटच तुंबलेली होती! तो संदेश वेळेवर पोहोचू शकला नाही. १९९० साली न्यायालयाने त्याला १०,०५० डॉलर दंड, ४०० तास समाजसेवा आणि तीन वर्षांची देखरेख अशी शिक्षा दिली.

विद्यापीठे संगणकाच्या वापरासाठी नियम घालून देतात, ते उगाच नव्हे. आपला परवलीचा शब्द दुसऱ्यास सांगू नये. दुसऱ्याचे लेखन त्याच्या अनुमतीवाचून उघडू नये. दार उघडे दिसले, म्हणून कोणी परक्या घरात शिरत नाही. सामाईक यंत्र स्वतःच्या कामासाठी अडवून ठेवू नये. व्यवस्थेत उणीव आढळली, तर तिचा प्रयोग न करता ती व्यवस्थापकांच्या कानी घालावी.

मॉरिस पुढे मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत प्राध्यापक झाला. त्याचे ज्ञान सदोष नव्हते. जे यंत्र आपल्या एकट्याचे नाही, त्यावर इतरांना न विचारता प्रयोग केला, हा त्याचा दोष. हेतू चांगला असला, तरी तेवढ्याने इतरांचे नुकसान टळत नाही.