वास्तू सरळ, शहर खेळण्यातले : टिल्ट-शिफ्ट लेन्सच्या दोन करामती

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर उभे राहून, कॅमेरा वर रोखून काढलेले छायाचित्र घरी आल्यावर नीट न्याहाळावे. घुमटावरची ‘प्रगती’ची मूर्ती चौकटीत आलेली असते; परंतु दोन्ही बाजूंच्या भिंती आत झुकलेल्या असतात आणि सारी इमारत मागे रेलल्यासारखी भासते. १८८८ मध्ये पूर्ण झालेली ही वास्तू प्रत्यक्षात ताठ उभी आहे. कललेला असतो तो कॅमेरा.

याउलट एखाद्या उंच इमारतीच्या गच्चीवरून टिपलेले असेही छायाचित्र पाहण्यात येते, ज्यात रस्त्यावरच्या बसगाड्या काड्यापेटीएवढ्या आणि माणसे देखाव्यातल्या बाहुल्यांसारखी दिसतात. सारे खरे असूनही डोळा ते खरे मानायला तयार होत नाही.

पहिल्या छायाचित्रातील दोष दूर करणारे आणि दुसऱ्यातील भ्रम निर्माण करणारे भिंग एकच आहे : टिल्ट-शिफ्ट लेन्स. एका हालचालीने ते वास्तू जशी आहे तशी दाखवते, दुसऱ्या हालचालीने डोळसपणे फसवते. सर्जनशील छायाचित्रणात या भिंगाचे स्थान समजून घ्यायचे, तर त्याच्या या दोन्ही स्वभावांची ओळख करून घ्यावी लागते.

मोठ्या वर्तुळाची सोय

कोणतेही भिंग कॅमेऱ्याच्या आत एक वर्तुळाकार प्रतिमा पाडते. त्या वर्तुळातील आयताकृती भाग सेन्सर टिपतो. फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ मिलिमीटर लांब व २४ मिलिमीटर रुंद असतो आणि त्याचा कर्ण सुमारे ४३ मिलिमीटर भरतो. साध्या भिंगाचे प्रतिमावर्तुळ तेवढा कर्ण झाकण्यापुरतेच असते. टिल्ट-शिफ्ट भिंगाचे वर्तुळ मात्र बरेच मोठे ठेवलेले असते. कॅननच्या २४ मिलिमीटरच्या सध्याच्या टिल्ट-शिफ्ट भिंगात ते सुमारे ६७ मिलिमीटर आहे. या मोकळ्या जागेमुळे भिंग सेन्सरसमोर वर-खाली वा डावी-उजवीकडे १२ मिलिमीटरपर्यंत सरकवता येते. हे झाले शिफ्ट. तेच भिंग आपल्या जागी साडेआठ अंशांपर्यंत कलवताही येते. हे झाले टिल्ट.

या हालचाली नव्या नाहीत. काळ्या कापडाखाली डोके घालून छायाचित्रकार ज्या भात्याच्या कॅमेऱ्यातून पाहत, त्यात भिंगाची पाटी उचलण्याची व कलवण्याची सोय असे. छोटे कॅमेरे आले आणि ही सोय गेली. १९६२ मध्ये निकॉनने ३५ मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्यासाठी सरकणारे भिंग बाजारात आणले. १९७३ मध्ये कॅननने सरकणे आणि कलणे या दोन्ही हालचाली एकाच भिंगात दिल्या.

सरळ रेषांचे प्रामाणिक चित्र

इमारतीच्या भिंती छायाचित्रात आत का झुकतात? कॅमेरा वर केला की सेन्सर इमारतीच्या दर्शनी भागाला समांतर राहत नाही. वरचे मजले सेन्सरपासून अधिक दूर पडतात, म्हणून लहान उमटतात, आणि उभ्या रेषा वर जाता जाता एकमेकींकडे कलतात. उपाय असा की कॅमेरा पूर्ण समतल धरावा, म्हणजे सेन्सर भिंतीला समांतर राहील, आणि भिंग वर सरकवावे. कॅमेरा समोरच पाहत असतो. तरी चौकटीतील रस्त्याचा निरुपयोगी भाग खाली सुटतो आणि शिखर वरून आत येते.

जयपूरचा हवामहल या दृष्टीने चांगली कसोटी आहे. १७९९ मध्ये बांधलेला हा पाच मजली दर्शनी भाग शेकडो लहान झरोक्यांनी भरलेला आहे आणि समोर रस्ता असल्याने मागे सरकायला जागा बेताचीच मिळते. येथे कॅमेरा जरा वर कलला, तरी झरोक्यांच्या उभ्या ओळी पंख्यासारख्या मिटू लागतात. समोरच्या एखाद्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर जागा मिळाली, तर थोडेसे शिफ्टही पुरते.

संगणकावर हे नंतर सरळ करता येते, असा आक्षेप घेतला जातो आणि तो खोटा नाही. मात्र तेथे चित्राचा वरचा भाग ताणावा लागतो, कडा कापल्या जातात आणि ताणलेल्या भागातील बारकावा विरळ होतो. शिफ्टमध्ये तो बारकावा मुळातच टिपला जातो. शिवाय अंतिम चौकट जागेवरच दिसत असल्याने छायाचित्रकाराला रचनेचा विचार तेथेच करता येतो.

जुन्या वाड्याची किंवा देवळाची नोंद ठेवताना या गोष्टीला वेगळेच महत्त्व येते. छायाचित्रात एक भिंत तिरकी दिसते आहे. ती खरोखर कलली आहे की कॅमेरा कललेला होता? कॅमेरा समतल असेल, तरच कललेली भिंत कललेली म्हणून ओळखता येते. दुरुस्तीचा निर्णय ज्या छायाचित्राकडे पाहून व्हायचा, त्यात ही शंका उरता कामा नये.

शिफ्टचे आणखी दोन उपयोग आहेत. कॅमेरा जागेवर ठेवून भिंग डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे सरकवत तीन छायाचित्रे घेतली आणि ती जोडली, तर ३६ मिलिमीटर लांबीच्या सेन्सरवर ६० मिलिमीटर लांबीचे रुंद दृश्य मिळते, आणि जोडाच्या जागी रेषा वाकत नाहीत. दुसरा उपयोग गमतीचा आहे. आरशाच्या थेट समोर उभे राहिले की छायाचित्रकाराचे प्रतिबिंब चौकटीत येते. अशा वेळी कॅमेरा बाजूला न्यावा आणि भिंग उलट दिशेला सरकवावे. आरसा समोरून पाहिल्यासारखाच उमटतो, पाहणारा मात्र त्यात नसतो.

मर्यादाही सांगितली पाहिजे. फार उंच इमारत पूर्ण सरळ केली की तिचा माथा पसरट व जड वाटू लागतो. मान वर करून पाहताना रेषा थोड्या जवळ येणे डोळ्याला सवयीचे असते. म्हणून अनेक छायाचित्रकार किंचित कल मुद्दाम राखतात.

फोकसचे प्रतल हलवताना

टिल्टची करामत समजायला थोडी अधिक अवघड आहे. साध्या कॅमेऱ्यात फोकसचे प्रतल सेन्सरला समांतर असते, जणू ठराविक अंतरावर उभी केलेली काच. भिंग कलवले की ही काचही कलते. भिंगाचे प्रतल, सेन्सरचे प्रतल आणि स्पष्ट दिसणारे प्रतल ही तिन्ही वाढवत नेली, तर एकाच रेषेत मिळतात. ऑस्ट्रियन सैन्यातील कॅप्टन थिओडोर शाइम्फ्लुग यांनी १९०४ मध्ये हवाई छायाचित्रांतील विकृती दूर करण्याच्या पद्धतीचे पेटंट ब्रिटनमध्ये घेतले आणि हा नियम त्यांच्या नावाने रूढ झाला. फ्रान्सच्या ज्युल कार्पांतिए यांनी तो त्यांच्याही आधी मांडला होता आणि ते श्रेय शाइम्फ्लुग यांनी दिले होते.

लग्नाच्या पंगतीचे उदाहरण घ्यावे. केळीच्या पानांची लांब रांग एका टोकाला उभे राहून टिपायची आहे. साध्या भिंगाने जवळचे पान स्पष्ट आले, तर शेवटचे धूसर होते. भिंग खाली कलवले की फोकसचे प्रतल जमिनीवर आडवे होते आणि पहिल्या पानावरच्या मिठापासून शेवटच्या पानापर्यंत सारे रेखीव उमटते. मात्र हे स्पष्ट क्षेत्र पाचरीच्या आकाराचे असते : कॅमेऱ्याजवळ निरुंद आणि दूर जाता रुंद. त्यामुळे जवळ बसलेल्यांचे चेहरे धूसर होऊ शकतात. पाने महत्त्वाची की माणसे, हे छायाचित्रकाराने आधी ठरवायचे असते.

यासाठी लागणारा कल आश्चर्य वाटावे इतका कमी असतो. कॅमेरा जमिनीपासून दीड मीटर उंच असेल, तर २४ मिलिमीटरच्या भिंगाला जेमतेम एक अंश पुरतो आणि ९० मिलिमीटरच्या भिंगाला साडेतीन अंशांच्या आसपास. नवशिके छायाचित्रकार येथेच चुकतात. ते भिंग पूर्ण कलवून टाकतात आणि काहीच स्पष्ट येत नाही म्हणून निराश होतात.

शहर खेळणे का वाटते?

भिंग उलट दिशेला कलवले की टिल्टचा दुसरा चेहरा समोर येतो. उंचावरून शहराकडे पाहताना ते वर कलवले, तर फोकसचे प्रतल जमिनीवर आडवे पडण्याऐवजी तिला आरपार छेदते. चौकटीच्या मध्यावर एक अरुंद पट्टा स्पष्ट राहतो. वरचा आणि खालचा भाग विरघळून जातो.

एवढ्याने शहर लहान का भासते, याचे उत्तर आपल्या सवयीत आहे. ९० मिलिमीटरच्या भिंगाने, ॲपर्चर २.८ ठेवून, अर्ध्या मीटरवरील खेळण्यातली मोटार टिपली, तर जेमतेम चार-पाच मिलिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. तेच भिंग शंभर मीटरवर फोकस केले, तर सुमारे पन्नास मीटरपासून क्षितिजापर्यंत सारेच स्पष्ट असते. थोडक्यात, पुढे-मागे दाट धूसरता हे जवळच्या, लहान वस्तूचे लक्षण आहे. ती धूसरता शहरावर घातली की मेंदू सवयीने हिशेब करतो आणि शहरालाच लहान ठरवतो. धूसरतेने अंतर व आकाराचा अंदाज कसा बदलतो, यावर अमेरिकी संशोधकांनी २०१० मध्ये सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला आहे.

इटालियन छायाचित्रकार ओलिवो बार्बिएरी यांनी २००३ पासून हेलिकॉप्टरमधून रोम आणि नंतर इतर शहरे अशा रीतीने टिपली. त्यांच्या चित्रांत शतकानुशतके उभ्या असलेल्या वास्तू कालच मांडलेल्या प्रतिकृती वाटतात. २०१० च्या ‘द सोशल नेटवर्क’ या चित्रपटातील नौकास्पर्धेच्या प्रसंगातही हाच आभास वापरला आहे.

असा परिणाम साधायला उंची, तिरपी नजर, स्वच्छ ऊन आणि ठळक रंग लागतात. मेहरानगड किल्ल्यावरून दिसणारी जोधपूरची निळी घरे यासाठी उत्तम. समोरून, डोळ्याच्या पातळीवरून काढलेल्या चित्रात हा भ्रम टिकत नाही, कारण खेळण्याकडे आपण नेहमी वरून पाहतो.

सुरुवात कशी करावी?

या भिंगांत फोकस बहुधा हातानेच करावा लागतो. कॅमेरा तिपाईवर समतल लावावा आणि प्रकाशाचे मोजमाप हालचालींपूर्वी करून ठेवावे. भिंग सरकवल्यावर मोजमाप चुकण्याचा संभव असतो. पडद्यावर चित्र मोठे करून दूरचा बिंदू फोकसच्या कड्याने आणि जवळचा टिल्टच्या चकतीने साधावा. असे दोन-तीन वेळा केले की प्रतल जागेवर बसते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षित स्मारकांत तिपाईसाठी सहसा पूर्वपरवानगी लागते, याची चौकशी आधी केलेली बरी.

नवीन भिंगाची किंमत सहसा लाखाच्या पुढे जाते. मोठ्या शहरांत ही भिंगे भाड्याने मिळतात. सरावासाठी दोन दिवसही पुरतात. मोबाइलमधील ॲप चित्राचा वरचा व खालचा भाग धूसर करून असाच आभास देतात. ते कृत्रिमपण उंच वस्तूंपाशी उघडे पडते. रस्त्याकाठच्या झाडाचा बुंधा रेखीव आणि शेंडा पुसलेला दिसला, की डोळ्याला खटकते. खऱ्या भिंगातही उंच मनोरा स्पष्ट पट्ट्याबाहेर जातो, म्हणून जागा निवडताना सपाट, एकसारख्या उंचीची वस्ती पाहावी.

गंमत कोठे थांबते?

विसर्जनाची मिरवणूक, जत्रा, रेल्वे यार्ड, बंदर हे सारे खेळण्यासारखे पाहण्यात निखळ आनंद आहे. रोजच्या दृश्याकडे पुन्हा कुतूहलाने पाहायला हा भ्रम शिकवतो. पण पुरात बुडालेली वस्ती किंवा मोर्चातील हजारो माणसे अशाच रीतीने टिपली, तर काय होईल? पाणी रंगीत काचेसारखे, घरे पुठ्ठ्याची आणि माणसे ठिपक्यांएवढी दिसतील. दुःखाचा आकारच लहान होईल. बातमीच्या छायाचित्रात हा प्रयोग टाळावा, याचे कारण एवढे साधे आहे. कलाचित्र म्हणून तो प्रसिद्ध करायचा असेल, तर चित्राखालील ओळीत तसे स्पष्ट लिहावे.

शिफ्ट वापरताना छायाचित्रकार वस्तूचे म्हणणे मान्य करतो, तर टिल्टने शहर लहान करताना तो आपले म्हणणे तिच्यावर लादतो. दोन्हींना कलेत जागा आहे. भिंगाची खुंटी फिरवण्यापूर्वी आपण यांपैकी काय करणार आहोत, हे त्याला स्वतःला ठाऊक असले पाहिजे आणि चित्र पाहणाऱ्यालाही कळले पाहिजे.