सुट्टी नसलेल्या सणांची न्याहारी

जर्मनीत ६ डिसेंबरला सरकारी सुट्टी नसते. कचेऱ्या उघडतात, शाळा भरतात, ट्राम वेळेवर धावतात. स्वीडनमध्ये १३ डिसेंबरचंही तेच. तरीही हे दोन दिवस तिथल्या मुलांच्या मनात वर्षभर ठाण मांडून असतात. ते साजरे होतात घराबाहेर पडण्याआधीच्या अर्ध्या-पाऊण तासात, न्याहारीच्या टेबलावर. नाताळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे २४ तारखेची मध्यरात्रीची प्रार्थना, २५ तारखेचं मोठं जेवण आणि केक येतो. युरोपातल्या कितीतरी घरांत मात्र सणाची चाहूल महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात लागते, आणि ती सकाळी लागते.

याचं एक कारण आकाशात आहे. डिसेंबरच्या आरंभी हॅम्बुर्गमध्ये सूर्य सव्वाआठच्या सुमारास उगवतो, स्टॉकहोममध्ये त्याहून उशिरा. मुलं दप्तर घेऊन निघतात तेव्हा बाहेर काळोख असतो. अशा वेळी टेबलावर मेणबत्ती लावणं ही सजावट नसते, तिचा उजेड खरोखर हवासा वाटतो. दुसरं कारण कामाच्या दिवसाचं. संध्याकाळी कुणी उशिरा येतं, कुणाचा क्लास असतो. सगळं घर एकत्र सापडतं ते सकाळी. सुट्टी नसलेल्या सणाला जागा मिळते ती तिथेच.

मराठी घराला सणाची न्याहारी नवी नाही. नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान करून, कारीट फोडून, उजाडायच्या आत फराळाला बसण्यात जो आनंद असतो तो दुपारच्या पंगतीत नसतो. कोकणात आणि गोव्यात तर त्या सकाळी नव्या भाताचे पोहे दह्यातले, गुळातले, दुधातले, फोडणीचे असे पाच-सहा तऱ्हांनी होतात आणि शेजारीपाजारी बोलावले जातात. युरोपातल्या डिसेंबरच्या सकाळी समजून घ्यायला ही ओळख पुरेशी आहे. फरक इतकाच की दिवाळीची पहाट सणाच्या ऐन मध्यावर येते, आणि तिथली न्याहारी सणाची वाट पाहण्यासाठी असते.

या वाट पाहण्याच्या काळाला ॲडव्हेंट म्हणतात. नाताळाआधीच्या चौथ्या रविवारी तो सुरू होतो. हा रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो. पूर्वी हा उपवासाचा काळ होता आणि उपवासात लोणीसुद्धा वर्ज्य होतं. जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहराचा सुकामेव्याचा पाव, श्टोलन, आज लोण्याने आणि पिठीसाखरेने लदलेला असतो. पण तो एकेकाळी पीठ, पाणी आणि तेलाचा रूक्ष गोळा होता. सॅक्सनीच्या राजघराण्याने त्यासाठी रोमकडे रदबदली केली आणि १४९१ मध्ये पोप आठवे इनोसंट यांनी लोणी वापरायची परवानगी देणारं पत्र धाडलं. ते ‘लोण्याचं पत्र’ म्हणूनच इतिहासात राहिलं. आता ॲडव्हेंटच्या पहिल्या रविवारी श्टोलनची पहिली चकती कापली जाते, कुठे न्याहारीला, कुठे दुपारच्या कॉफीला, आणि नाताळपर्यंत तो पुरवून खाल्ला जातो. मुरल्यावर त्याची चव वाढते, त्यामुळे पुरवणंही सोपं जातं.

त्या रविवारी टेबलावर सदाहरित पानांचं वर्तुळ आणि त्यात चार मेणबत्त्या असतात. पहिल्या आठवड्यात एक लावायची, दुसऱ्यात दोन, असं करत चार. ही चाल फार प्राचीन वाटते, पण तिचा उगम ठाऊक आहे. योहान हिनरिश विखर्न या प्रोटेस्टंट धर्मोपदेशकाने १८३३ मध्ये हॅम्बुर्गजवळ गरीब, निराधार मुलांसाठी ‘राउहेस हाउस’ ही संस्था काढली. डिसेंबर आला की मुलं रोज विचारत, नाताळ कधी? १८३९ मध्ये विखर्नने एक मोठं लाकडी चाक टांगलं. त्यावर रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या आणि बाकीच्या दिवसांसाठी लहान लाल मेणबत्त्या बसवल्या. रोज एक लावली जाई आणि मुलांना प्रश्नाचं उत्तर डोळ्यांनी मोजता येई. अनाथ मुलांच्या अधीरतेला कुणीतरी गंभीरपणे घेतलं, त्यातून जगभरच्या घरांत पोचलेली ही प्रथा निघाली. चाकाचं पुढे लहान वर्तुळ झालं, लाल मेणबत्त्या गळाल्या, चार उरल्या.

ॲडव्हेंट कॅलेंडरची गोष्टही अशीच घरगुती आहे. मौलब्रोन गावातल्या एका आईने आपल्या मुलासाठी पुठ्ठ्यावर चोवीस लहान बिस्किटं लावून दिली, रोज सकाळी एक सोडवायची. तो मुलगा, गेरहार्ड लांग, मोठेपणी म्युनिकमध्ये छपाईच्या धंद्यात पडला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने छापील कॅलेंडरं बाजारात आणली. नंतर त्यांना उघडता येतील अशी दारं आली. आज १ डिसेंबरच्या सकाळी दूध पिताना मुलं पहिलं दार उघडतात, तेव्हा आत चॉकलेट असतं.

यानंतर ६ डिसेंबर, संत निकोलस यांचा दिवस. आजच्या तुर्कस्तानात डेमरे नावाचं गाव आहे. त्याचं जुनं नाव मायरा, आणि चौथ्या शतकात निकोलस तिथले बिशप होते. गरिबांच्या घरी गुपचूप मदत टाकून जाणारा हा माणूस मुलांचा संत झाला. जर्मनीत ५ तारखेच्या रात्री मुलं आपले बूट घासूनपुसून दाराबाहेर ठेवतात. सकाळी त्यांत अक्रोड, संत्री, चॉकलेट मिळतं. आणि ताटलीत असतो पावाचा माणूस: लोणी-दुधाच्या गोडसर पिठाचा, बेदाण्यांच्या डोळ्यांचा. ऱ्हाइन नदीच्या खोऱ्यात त्याला वेकमान म्हणतात आणि त्याच्या हाती मातीची चिलीम असते. ती मुळात बिशपचा दंड होती, उलटी धरल्यावर चिलीम दिसू लागली, असं तिथे सांगतात. स्वित्झर्लंडमध्ये हाच गडी ग्रिटिबेंत्स होतो. फ्रान्सच्या अल्सास प्रांतात तो गरम चॉकलेटच्या पेल्याबरोबर खातात. आधी डोकं खायचं की पाय, यावर भावंडांचं भांडण सगळीकडे सारखंच. दोन-तीन दिवस आधीपासून बेकऱ्यांच्या काचेमागे या माणसांच्या रांगा लागतात, त्यामुळे ज्या घरात भट्टी लावायला वेळ नाही तेही मागे राहत नाही.

ऑस्ट्रिया, बव्हेरिया आणि पोलंडमधल्या कॅथलिक गावांत याच दिवसांत रोराटे नावाची प्रार्थना होते. उजाडण्यापूर्वी, विजेचे दिवे न लावता, मेणबत्त्यांच्या प्रकाशात. ती संपली की पुष्कळ ठिकाणी चर्चशेजारच्या सभागृहात सगळे मिळून न्याहारी करतात आणि मुलं तिथूनच शाळेत जातात. वृद्ध, एकटे राहणारे लोकही त्या बाकांवर मुलांच्या शेजारी बसतात. या सगळ्या चालींत ही सर्वांत मोठ्या मनाची वाटते. तिला मोठं कुटुंब लागत नाही.

स्वीडनच्या लुसियाचं रूप आणखी वेगळं. सिसिलीतल्या सिराक्यूजची ही संत चौथ्या शतकाच्या आरंभी हुतात्मा झाली. जुन्या ज्युलियन कॅलेंडरच्या काळात १३ डिसेंबरची रात्र वर्षातली सर्वांत मोठी मानली जाई, म्हणून उत्तरेकडच्या लोकांनी प्रकाशाच्या या संतेला आपलंसं केलं. पांढऱ्या वेषातल्या लुसियाची पहिली लेखी नोंद १७६४ ची, पश्चिम स्वीडनमधल्या एका जमीनदाराच्या वाड्यातली. १८९३ मध्ये स्टॉकहोमच्या स्कान्सेन या खुल्या संग्रहालयाने तो सोहळा मांडला. १९२० च्या दशकाअखेरीस एका वर्तमानपत्राने लुसिया निवडायची स्पर्धा घेतली आणि देशभर मिरवणुका सुरू झाल्या. घरात मात्र प्रथा साधीच राहिली. मुलगी पांढरा झगा आणि कमरेला लाल पट्टा बांधते, डोक्यावर दिव्यांचा मुकुट घालते (आता लहानांसाठी बहुधा बॅटरीचा), आणि आईवडिलांना कॉफीचा ट्रे नेऊन देते. ट्रेमध्ये आल्याची बिस्किटं आणि लुसेकट्टर असतात: इंग्रजी एस अक्षरासारखे वळलेले, दोन्ही टोकांना बेदाणा खोचलेले पिवळेधमक केशरी पाव. तिथे दुकानात केशर अर्ध्या ग्रॅमच्या पुडीत मिळतं आणि साखरेबरोबर खलात घोटून घेतात. हे वाचून कोणतीही मराठी गृहिणी मान डोलावेल, श्रीखंडाचं केशर तिनेही असंच घोटलेलं असतं.

इथे लक्षात ठेवावी अशी गोष्ट म्हणजे ट्रे कुणाच्या हातात आहे. लुसियाच्या सकाळी वाढणारी मुलं आहेत आणि उठवले जाणारे मोठे.

अमेरिकेत हल्ली १ डिसेंबरला ‘नॉर्थ पोल ब्रेकफास्ट’ घालायची पद्धत रुजते आहे. थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी होतं, पाठोपाठ घरं नाताळासाठी सजतात आणि पहिल्या तारखेला मुलांसाठी खास टेबल मांडलं जातं. पॅनकेक, एकावर एक रचून हिममानव केलेले पांढरे डोनट, मार्शमेलो घातलेलं गरम चॉकलेट. बऱ्याच घरांत त्या सकाळी लाल कपड्यांतला एक बाहुला येऊन बसतो. कॅरल एबरसोल्ड आणि तिची मुलगी चंदा बेल यांनी २००५ मध्ये स्वतःच छापलेल्या ‘द एल्फ ऑन द शेल्फ’ या चित्रपुस्तकातून तो आला. रात्री तो सांताकडे जाऊन मुलांच्या वागणुकीची बातमी देतो आणि सकाळी नव्या जागी सापडतो, अशी कल्पना. मुलं त्याला शोधत घरभर धावतात आणि तो आनंद खराच आहे. पण बाहुल्याची जागा चोवीस रात्री बदलायची, टेबल फोटोत शोभेल असं सजवायचं, हे सगळं काम बहुतेक घरांत आईच्या अंगावर पडतं आणि मुलाला फक्त पाहायचं उरतं. शिवाय मुलावर पाळत ठेवणारा पाहुणा न्याहारीला कशाला? निकोलसच्या जोडीलाही ऑस्ट्रियात क्रांपुस नावाचा शिंगवाला बागुलबुवा असतो. तोही नसता तरी चाललं असतं. अमेरिकेतल्या ज्या घरांना हा दिवस आवडतो त्यांनी पॅनकेकचं पीठ मुलांना भिजवू द्यावं, बाहुल्याची बातमीदारी सोडून द्यावी. दिवस तितकाच रंगेल.

गोव्यात गोष्ट उलटी आहे. तिथे ३ डिसेंबरला, संत फ्रान्सिस झेवियर यांच्या फेस्ताला, सुट्टी असते. १५५२ मध्ये याच तारखेला चीनच्या किनाऱ्याजवळच्या शांगच्वान बेटावर त्यांचा मृत्यू झाला. आधी नऊ दिवस नोव्हेना चालतात, पहाटेच्या प्रार्थनेला दुरून माणसं पायी येतात. सुट्टी असल्याने सण घरात बसत नाही, तो जुन्या गोव्याच्या फेरीत उतरतो आणि परतताना पिशवीत आलं-गुळाचं खाजें असतं. घराच्या स्वयंपाकघराची पाळी त्यानंतर येते. नेवऱ्यो, दोदोल, कुलकुल असा कुसवार, म्हणजे नाताळचा फराळ, करायला सगळे बसतात. कुलकुल फणीवर किंवा काट्यावर वळायचं काम मुलांकडे असतं, कारण चिमुकली बोटं त्याला बरी.

जर्मनीत स्थायिक झालेल्या मराठी घरांत निकोलसच्या दिवसाची प्रथा मुलांमार्फतच शिरते. बालवाडीत बूट ठेवायला सांगितलेलं असतं आणि मग घरीही तो ठेवावाच लागतो. पावाचा माणूस घरी, अगदी इथे महाराष्ट्रातही, करणं अवघड नाही. अर्धा किलो मैदा, सात ग्रॅम कोरडं यीस्ट, पाऊण वाटीपेक्षा कमी साखर, पाऊणशे ग्रॅम लोणी, चिमूटभर मीठ आणि पाव लिटरला थोडं कमी कोमट दूध. अंडं चालत असेल तर एक, मग दूध आणखी जरा कमी. पीठ दहा मिनिटं चांगलं मळायचं. पुण्या-नाशिकच्या डिसेंबरात ते फुगायला वेळ घेतं, म्हणून रात्रीच मळून झाकून थंड जागी ठेवलं तर सकाळी घाई होत नाही. गोळ्याचे पाच-सहा भाग करून लांबट वळायचे, वर मान आवळायची, कडेने दोन काप देऊन हात सोडवायचे, खाली एक काप देऊन पाय. बेदाणे खोल दाबायचे, नाहीतर भाजताना डोळे निसटतात. पंधरा-वीस मिनिटं पुन्हा फुगू द्यायचं, वरून दूध लावायचं आणि १८० अंशांवर वीसेक मिनिटं, रंग सोनेरी होईपर्यंत भाजायचं. वळण्याचं काम मुलांना द्यावं. एकाचे हात लांब होतील, दुसऱ्याचं पोट सुटेल. जर्मन बेकरीतले गडीही सगळे एकसारखे नसतात.