ऊब दिसते कशी?

डोंगरात घालायच्या कपड्यांची जाहिरात करणाऱ्या फोटोग्राफरपुढचा पेच मोठा मजेशीर आहे. मिठाईवाल्याला निदान मिठाई तरी दाखवता येते. याला विकायची असते ऊब, आणि ऊब डोळ्यांना दिसत नाही. कोरडेपणा दिसत नाही, अडवलेला वारा तर नाहीच नाही. मग ही मंडळी उलट्या बाजूने शिरतात. ऊब दाखवायची तर थंडी दाखवा, कोरडेपणा दाखवायचा तर पाऊस दाखवा. आणि इथेच खरी गंमत सुरू होते, कारण थंडी आणि पाऊससुद्धा कॅमेऱ्यात सुखासुखी येत नाहीत.

पावसाचंच घ्या. राजमाचीला धो धो कोसळत असताना मोबाईलने फोटो काढलेल्या कुणालाही विचारा: फोटोत सगळं ओलं आणि फिकट दिसतं, पाऊस मात्र गायब. याचं कारण थेंबातच आहे. प्रत्येक थेंब हे एक चिमुकलं भिंग असतं. पलीकडचं जवळजवळ 165 अंशांचं दृश्य तो उलटं करून आपल्या पोटात सामावून घेतो, आणि त्या दृश्यात बहुतेक आभाळच असतं. त्यामुळे थेंब आभाळाइतकाच उजळ होतो आणि पांढुरक्या आभाळासमोर विरघळून जातो. तोच थेंब काळ्या कड्यासमोर आणा, प्रकाश मागून किंवा तिरका येऊ द्या, की लख्ख उजळतो. पुढचा निर्णय शटरचा. दोन मिलिमीटरचा थेंब सेकंदाला साधारण साडेसहा मीटर वेगाने खाली येतो. शटर सेकंदाचा साठावा भाग उघडं राहिलं तर त्या थेंबाची सुमारे 11 सेंटिमीटर लांब रेघ उमटते. हजारावा भाग ठेवलं तर रेघ जेमतेम साडेसहा मिलिमीटर. एकाच पावसाची झोड दाखवायची की मोती, हे बोटाच्या टोकावर ठरतं!

जॅकेटच्या खांद्यावर टपोरे थेंब बसलेत, हे तर अशा जाहिरातींचं हुकमी चित्र. त्यात एक लबाडी आहे. लबाडी म्हणणं कठोर होईल, पण सोयीचं मौन नक्कीच आहे. थेंब गोल राहतात ते कापडाच्या वरच्या अंगाला दिलेल्या लेपामुळे. महागड्या जॅकेटमध्ये पाणी खरोखर अडवतो तो आतला पातळ पापुद्रा, आणि तो फोटोत कधीच येत नाही. 1969 मध्ये अमेरिकेत बॉब गोर पीटीएफई या प्लॅस्टिकच्या तापवलेल्या कांड्या हळूहळू ताणून बघत होते आणि त्या तुटत होत्या. वैतागून एक कांडी त्यांनी झटक्यात ओढली, तर ती न तुटता कितीतरी पटींनी लांबली आणि तिच्यात अतिसूक्ष्म छिद्रांची जाळी तयार झाली. पाण्याच्या थेंबापेक्षा हजारो पटींनी लहान, पण घामाच्या वाफेला सहज वाट देणारी ही छिद्रं. गोअर-टेक्स नावाचा असा पापुद्रा उभा राहिला तो त्यांच्यावर. एवढा चमत्कार आत दडलेला, आणि फोटोत भाव खातो तो वरचा लेप.

बर्फाचं दुखणं वेगळं. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचं सगळं जग सरासरी करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. चौकटभर बर्फ दिसला की त्याला वाटतं, प्रकाश फारच झाला. मग तो आवरतं घेतो आणि शुभ्र बर्फ राखेसारखा उतरतो. म्हणून जाणता माणूस एक ते दोन स्टॉप प्रकाश मुद्दाम वाढवतो. बर्फावरच्या सावल्यांवर निळ्या आभाळाचा उजेड पडतो, म्हणून त्या निळसर दिसतात, आणि त्या निळाईवर शेंदरी किंवा पिवळं जॅकेट उठून दिसतं. रंगाचा हा डाव जुना आहे. 1950 च्या दशकात नॅशनल जिऑग्राफिकचे फोटोग्राफर दृश्यात लाल शर्टवाला माणूस इतक्या वेळा उभा करत, की त्या शैलीला थट्टेने ‘लाल शर्ट घराणं’ म्हणण्याची पद्धत पडली.

पिसांच्या जॅकेटला समोरून प्रकाश टाकला की ते सपाट दिसतं. बाजूने टाकला की शिवणीशिवणीत सावली बसते आणि प्रत्येक कप्पा फुगलेला भासतो. उच्छ्वासाची वाफही मागून प्रकाश आणि पाठीशी काळोख असल्याशिवाय दिसत नाही. ती एकदा दिसली, की फोटो बघणाराच अंग चोरून बसतो.

हा उद्योग वाटतो त्याहून जुना आहे. कॅप्टन स्कॉटच्या 1910–13 च्या अंटार्क्टिका मोहिमेवर हर्बर्ट पाँटिंग हा छायाचित्रकार होता. मोहिमेला माल पुरवणाऱ्या कंपन्यांसाठी त्याने सहकाऱ्यांचे डबाबंद खाद्यपदार्थांसोबत फोटो काढले. कडाक्याच्या थंडीत तो माणसांना इतका वेळ ताटकळत ठेवी, की गोठेपर्यंत पोझ देण्याला सहकाऱ्यांनी त्याच्याच नावावरून क्रियापद पाडलं. त्याचे स्वतःचेही हाल काही कमी झाले नाहीत. एकदा काम करताना कॅमेऱ्याच्या धातूला जीभ लागली आणि तिथेच चिकटली. सोडवताना तिचं सालटं निघालं.

पुढे 1973 मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या पॅटागोनिया कंपनीने पोझ हा प्रकारच जवळजवळ निकालात काढला. कंपनीत काम करणाऱ्या जेनिफर रिजवे यांनी कॅटलॉगसाठी गिऱ्हाइकांकडूनच फोटो मागवायला सुरुवात केली. मग मळकी, ठिगळं लावलेली जॅकेटं, दमलेले चेहरे, तंबूतला पसारा असं सगळं छापून येऊ लागलं. माझ्या मते या धंद्यातला हा सगळ्यात हुशार शोध. कोऱ्या कपड्याने थंडी सोसली यावर कोण विश्वास ठेवील? झिजलेली बाहीच साक्ष देते.

याच कंपनीने 25 नोव्हेंबर 2011 रोजी, अमेरिकेतल्या खरेदीच्या मोठ्या दिवशी, न्यूयॉर्क टाइम्समध्ये पानभर जाहिरात दिली. डोंगर नाही, बर्फ नाही, माणूसही नाही. कोऱ्या पार्श्वभूमीवर एक जॅकेट आणि वर ठळक अक्षरांत ‘हे जॅकेट घेऊ नका’. खालच्या मजकुरात हिशेब होता: हे एक जॅकेट बनवायला 135 लिटर पाणी लागतं, म्हणजे 45 माणसांना दिवसाला तीन-तीन पेले. ते पाणी कुठल्याही प्रकाशात, कुठल्याही शटरला दिसलं नसतं, म्हणून ते अक्षरांत छापावं लागलं.