स्थूलतेवरील शस्त्रक्रियेनंतरची वर्षे

बंगाली घरातील भोजनाला एक ठरलेला क्रम असतो. आरंभी कडसर चवीचे शुक्तो, मग डाळ व भाजी, मग माशाचे कालवण, त्यानंतर आंबटगोड चटणी आणि शेवटी मिष्टान्न. या सर्वांच्या मध्यभागी भाताची रास. कोलकात्यात वाढलेल्या माणसाला हा क्रम बालपणापासून अंगवळणी पडलेला असतो. अतिस्थूलतेमुळे ज्याच्या जठरावर शस्त्रक्रिया झाली आहे, त्यालाही पुन्हा याच ताटावर बसावयाचे असते. मात्र त्याच्या जठरात आता एका लहान वाटीपुरतीच जागा उरलेली असते. त्या वाटीत प्रथम काय जावे, हा प्रश्न त्याला आयुष्यभर दिवसातून अनेक वेळा सोडवावा लागतो. उतरलेले वजन टिकणे आणि शरीराचे पोषण नीट होणे, या दोन्ही गोष्टी बव्हंशी त्या उत्तरावर अवलंबून असतात.

शस्त्रक्रियेने काय घडते

अन्ननलिकेतून उतरलेले अन्न जठरात साठते, तेथे घुसळले जाते आणि थोडे थोडे लहान आतड्यात सोडले जाते. १९५४ साली अमेरिकेतील मिनेसोटा येथील क्रेमेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान आतड्याचा मोठा भाग वगळण्याच्या शस्त्रक्रियेचे वर्णन प्रसिद्ध केले. या पद्धतीने वजन उतरे, परंतु अन्नरसाचे शोषणच खुंटल्यामुळे पुढे कुपोषण व यकृताचे विकार उद्भवत. म्हणून ती मागे पडली. १९६६ साली आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन व चिकाशी इटो यांनी जठराचा वरचा लहान भाग वेगळा करून तो आतड्याला जोडण्याची रीत काढली. तिच्यातूनच आजची ‘गॅस्ट्रिक बायपास’ शस्त्रक्रिया विकसित झाली.

सध्या दोन पद्धती विशेष प्रचारात आहेत. बायपासमध्ये जठराची सुमारे ३० मिलिलिटरची पिशवी ठेवतात आणि अन्न उरलेले जठर व लहान आतड्याचा आरंभीचा भाग टाळून पुढे जाते. ‘स्लीव्ह’ पद्धतीत जठराचा सुमारे तीन चतुर्थांश किंवा किंचित अधिक भाग काढून टाकतात व एक अरुंद नळी शिल्लक ठेवतात.

जागा कमी होणे हा या शस्त्रक्रियांचा एकच परिणाम नव्हे. १९९९ साली जपानमधील कोजिमा व कांगावा यांनी ‘घ्रेलिन’ नावाचे संप्रेरक शोधून काढले. ते मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होते व मेंदूला भुकेची वर्दी देते. स्लीव्ह शस्त्रक्रियेत नेमका हाच भाग काढला जातो. शिवाय दोन्ही पद्धतींत अन्न आतड्यात लवकर पोहोचत असल्याने तृप्तीची सूचना देणारी आतड्यांतील संप्रेरके जेवणानंतर अधिक प्रमाणात स्रवतात. म्हणूनच पहिल्या वर्षी रुग्णाला भुकेशी फारसे झगडावे लागत नाही.

वजन पुन्हा का वाढू पाहते

कोलकात्याने १९४३ चा भीषण दुष्काळ पाहिला आहे. खेड्यांतून आलेली उपाशी माणसे त्या वर्षी नगराच्या रस्त्यांवर मरून पडली. मानवी शरीराची घडण अशाच संकटांना तोंड देत झालेली आहे. मेद घटू लागताच ते त्यास आपत्ती समजते व खर्च आवरून भूक वाढविते. १९४४-४५ साली मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी स्वयंसेवकांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवून याचा अभ्यास केला. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. त्याबरोबर शरीराचा विश्रांतीच्या स्थितीतील ऊर्जाव्ययही पुष्कळ उतरला, आणि मनात रात्रंदिवस अन्नाचेच विचार घोळू लागले. पुढे पोटभर अन्न मिळू लागल्यावरही त्यांतील अनेकांची भूक दीर्घकाळ शमली नाही.

शस्त्रक्रिया ही संरक्षक यंत्रणा सौम्य करते, नाहीशी करीत नाही. स्वीडनमध्ये १९८७ पासून शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे दोन हजार आणि न झालेल्या तितक्याच स्थूल व्यक्तींची दीर्घकाळ पाहणी करण्यात आली. बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी घटले होते. दहा वर्षांनंतर ही घट २५ टक्के उरली. म्हणजे घटलेल्या वजनाचा बराच मोठा भाग टिकला, परंतु काही अंश परत आला. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार शस्त्रक्रिया झालेल्या गटात मृत्यूचे प्रमाणही कमी आढळले.

या आकड्यांवरून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षानंतर दोन-चार किलोग्रॅम वाढले म्हणून उपचार वाया गेला, असे होत नाही. तसेच ही वाढ दिसताच रुग्णाला लोभी वा आळशी ठरविणे हे अज्ञानाचे लक्षण होय. असा दोष ऐकावा लागलेला माणूस लाजेने रुग्णालयात जाण्याचेच टाळतो, आणि तेथून खरी हानी सुरू होते.

भाताच्या आधी मासा

शस्त्रक्रियेनंतर सामान्यतः दररोज किमान ६० ग्रॅम प्रथिने घ्यावीत असे सांगितले जाते. अनेकांना ८० ग्रॅमपर्यंत लागतात. प्रथिने अपुरी पडली तर शरीर स्वतःचे स्नायू मोडून वापरते. स्नायू घटले की विश्रांतीच्या वेळी होणारा ऊर्जेचा खर्च आणखी उतरतो, आणि पूर्वीइतकेच अन्नही अंगी लागू लागते.

भारतीयांच्या बाबतीत हा मुद्दा अधिकच महत्त्वाचा आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधील डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली स्वतःच्याच शरीरांची तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच, म्हणजे दोघांचाही शरीर-वस्तुमान निर्देशांक २२.३ होता; परंतु युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के मेद आढळला. काट्यावरील आकडा समान असूनही स्नायू व मेद यांचे प्रमाण भिन्न असू शकते, हे यावरून स्पष्ट होते. म्हणून वजनाबरोबर कंबरेचा घेरही मोजीत राहणे इष्ट.

बंगाली ताटातील प्रथिनांचा प्रश्न नवा नाही. कलकत्ता मेडिकल कॉलेजातील शरीरक्रियाविज्ञानाचे प्राध्यापक डी. मॅके यांनी १९१२ साली आहारातील प्रथिनांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. भात फार आणि प्रथिने अल्प, असे येथील आहाराविषयी त्यांचे निरीक्षण होते. त्यावरून त्यांनी लोकांच्या गुणावगुणांविषयी काढलेली अनुमाने आज त्याज्य ठरली आहेत. निरीक्षण मात्र शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीस अजूनही उपयोगी पडते. शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात सुमारे अडीच ग्रॅम प्रथिने असतात. केवळ भातावर ६० ग्रॅमचा पल्ला गाठावयाचा तर दोन किलोग्रॅमहून अधिक भात खावा लागेल, आणि त्या वाटीएवढ्या जठरात ते अशक्य आहे.

उपाय त्याच ताटात आहे. रोहू माशाचे मिळून दीडशे ग्रॅमचे दोन तुकडे सुमारे २७ ग्रॅम प्रथिने देतात. दोन अंडी १२. पाऊणशे ग्रॅम छेना, म्हणजे दूध फाडून काढलेला ताजा चोथा, सुमारे १३. वाटीभर घट्ट डाळ ६. आणि वाटीभर बिनसाखरेचे दही ५ ग्रॅम. दिवसभरातील चार-पाच लहान जेवणांत हे विभागले की बेरीज ६० च्या वर जाते. यासाठी ताटाचा क्रम मात्र बदलावा लागतो. प्रथम मासा, अंडे वा डाळ, नंतर भाजी, आणि जागा उरली तरच चार घास भात. घास लहान घ्यावा व तो पूर्णपणे चावावा. काट्यांचा मासा खाताना बंगाली माणूस स्वभावतःच सावकाश जेवतो. ती सवय येथे हितकारक ठरते. जेवताना पाणी पिऊ नये. जेवणापूर्वी व जेवणानंतर अर्धा तास थांबावे, आणि एरवी दिवसभर घोट घोट पाणी पीत राहावे.

घशाखाली सहज उतरणारे अन्न

लहान झालेले जठर अन्नाचे आकारमान रोखते; त्यातील उष्मांक मोजण्याचे साधन त्याच्यापाशी नसते. घट्ट प्रथिनयुक्त अन्न पिशवीत काही काळ थांबते व तृप्ती देते. याउलट साखरेचा चहा, मिष्टी दोई, मुरमुरे, बिस्किटे, गोड सरबते ही विनाअडथळा खाली उतरतात आणि थोड्याच वेळात पुन्हा खाण्यास जागा होते. सायंकाळच्या अड्ड्यावर दोन-दोन घास खात, तीन-चार पेले गोड चहा घेत, एकदाही पोट भरल्याची जाणीव न होता माणूस पूर्ण जेवणाइतके उष्मांक घेऊन बसतो. शस्त्रक्रियेनंतर काही वर्षांनी वजन वाढलेल्या व्यक्तींची विचारपूस केली असता अशा सतत चालणाऱ्या चरण्याचा उल्लेख वारंवार येतो.

मिठाईचे प्रकरण तर कोलकात्यात वेगळे सांगावयास नको. बागबाजारच्या नवीनचंद्र दास यांना स्पंजासारख्या रसगुल्ल्याचे श्रेय परंपरेने दिले जाते व त्याचा काळ १८६८ सांगतात. रसगुल्ला व संदेश या दोहोंचे मूळ छेनाच. परंतु साखरेने त्याचे स्वरूप पालटते. बायपास झालेल्या व्यक्तीने पाकातील मिठाई खाल्ल्यास साखर एकदम आतड्यात उतरते. काही मिनिटांतच घाम, धडधड, पोटात कळ व जुलाब होऊ शकतात. कधी एक ते तीन तासांनी रक्तातील साखर अतिशय उतरून भोवळ येते.

दुर्गापूजेच्या दिवसांत कसोटी लागते. अष्टमीच्या अंजलीपर्यंत उपवास, त्यानंतर लुची व भोगाची खिचडी, आणि प्रत्येक घरी ‘आणखी एक घ्या’ असा आग्रह. दीर्घ उपवासानंतर एकदम तेलकट अन्न घेणे अशा रुग्णास सोसत नाही. अंजली आटोपताच प्रथम अंडे किंवा छेना, मग दोन चमचे खिचडी व संदेशाचा एखादा तुकडा, असा बेत आधीच ठरवून ठेवला तर सण साजरा होतो आणि प्रकृतीही सांभाळली जाते. आग्रह हे प्रेमाचे चिन्ह आहे. परंतु नातलगांनी तो आवरणे हीच अशा वेळी खरी मदत होय.

उशिरा प्रकट होणारी उणीव

काही धोके काट्यावर दिसत नाहीत. ब-१२ जीवनसत्त्वाच्या शोषणास जठरात तयार होणारा एक घटक आवश्यक असतो. यकृतात या जीवनसत्त्वाचा काही वर्षे पुरेल इतका साठा असल्यामुळे आरंभी सर्व ठीक भासते. पुढे केव्हातरी पायांना मुंग्या येणे, तोल जाणे, पांडुरोग अशी लक्षणे उमटतात. तोपर्यंत मज्जातंतूंना कायमची इजा पोहोचलेली असू शकते. लोहाचे शोषण मुख्यतः लहान आतड्याच्या आरंभीच्या भागात होते. बायपासमध्ये तोच भाग टाळला जात असल्याने, विशेषतः स्त्रियांना, रक्तक्षयाचा धोका राहतो. कॅल्शियम व ‘ड’ जीवनसत्त्व कमी पडल्यास हाडे ठिसूळ होतात. ब-१ जीवनसत्त्वाचा साठा तर काही आठवड्यांचाच असतो. म्हणून वारंवार उलट्या होत असल्यास तत्काळ रुग्णालयात जावे.

वैद्याने सांगितलेल्या गोळ्या या कारणांसाठी आजन्म घ्यावयाच्या असतात. लोह व कॅल्शियम एकाच वेळी घेऊ नये. दोहोंत निदान दोन तासांचे अंतर असावे. पहिल्या वर्षात काही वेळा आणि त्यानंतर दरवर्षी रक्ततपासणी आवश्यक आहे. प्रकृती उत्तम वाटू लागली की बहुतेक रुग्ण नेमक्या याच गोष्टी सोडून देतात. मद्याविषयीही सावध राहावे. शस्त्रक्रियेनंतर ते रक्तात लवकर व अधिक भिनते आणि व्यसन जडण्याचा संभव वाढतो.

वजन परतू लागल्यास

आठवड्यातून एकदा वजन करून नोंद ठेवावी. सतत काही आठवडे वाढ दिसली तर तज्ज्ञाकडे जावे. वर्षभर वाट पाहू नये. जठराची पिशवी ताणली जाणे, अपुरी झोप, खिन्नता, स्टेरॉइडसारखी औषधे अशी अनेक कारणे असू शकतात व त्यांचे उपायही वेगवेगळे असतात. आतड्यांतील तृप्तिदर्शक संप्रेरकांसारखे कार्य करणारी सेमाग्लुटाइड व टिर्झेपाटाइड ही नवी औषधेही काहींना वैद्यांच्या देखरेखीखाली दिली जातात. क्वचित दुसरी शस्त्रक्रियाही करावी लागते.

व्यायामाने पुष्कळ वजन उतरते असे नाही. उतरलेले टिकविण्यास मात्र तो फार साहाय्य करतो. आठवड्यातून किमान दीडशे मिनिटे झपझप चालावे आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारे व्यायाम करावेत. मैदान किंवा रवींद्र सरोवराच्या काठी पहाटे फिरावयास येणाऱ्यांत सामील होण्यास काही खर्च पडत नाही. पावसाळ्यात रस्ते तुंबले की घरातील जिन्याची चढउतार व खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे-बसणे एवढेही पुरते.

शस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्या व्यक्तीने व तिच्या कुटुंबाने ‘किती वजन उतरेल’ या प्रश्नाबरोबर आणखी काही प्रश्न आधीच विचारावेत : दहा वर्षांनी तपासणी कोठे होईल, गोळ्यांचा व तपासण्यांचा वार्षिक खर्च किती येईल, आणि घरातील स्वयंपाकात कोणता बदल सर्वांनी मिळून करता येईल. घरातील इतरांनीही भात थोडा कमी व डाळ, मासा, भाजी अधिक असे जेवण स्वीकारले, तर रुग्णाला वेगळे ताट मांडून बसावे लागत नाही. हा बदल सर्वांच्याच हिताचा आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शनातही तृणधान्यांतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या ४५ टक्क्यांपर्यंत मर्यादित ठेवावी, असेच सुचविलेले आहे.