जुन्या मोटारीचा जमाखर्च

नवी मोटार घेण्याची ऐपत नाही, परंतु घरातील वृद्धांना दवाखान्यात आणि मुलाबाळांना गावी नेण्याची निकड आहे, अशा कुटुंबाने जुनी मोटार विकत घ्यावी हा व्यवहार आपल्या मध्यमवर्गात आता पुरता रूढ झाला आहे. हा व्यवहार करताना खरेदीदार ज्या गोष्टींची आस्थेने चौकशी करतो त्या मात्र बहुधा दुय्यम असतात, आणि ज्यांच्यावर त्याचे पुढील दोन-तीन वर्षांचे पैसे जावयाचे असतात त्यांच्याकडे त्याची नजरही वळत नाही. गाडी किती किलोमीटर चालली, लिटरला किती जाते, मालक पहिला की तिसरा, हे तो विचारतो. गाडीखाली वाकून पाहण्याची तसदी क्वचितच घेतो.

चर्चेसाठी एखादीच मोटार समोर ठेवावयाची तर मारुती ८०० इतकी सर्वपरिचित दुसरी सापडणे कठीण. १९८३ च्या डिसेंबरात गुडगावच्या कारखान्यातून पहिली गाडी गिऱ्हाइकाच्या हाती गेली आणि २०१४ च्या जानेवारीत तिचे उत्पादन थांबले. तीन सिलिंडरांचे ७९६ सी.सी.चे इंजिन, पुढील चाकांना मिळणारी गती आणि हलका पत्रा ही तिची प्रकृती. आरंभीची गाडी कार्ब्युरेटरवर चाले. २००० च्या सुमारास इंधन-अंतःक्षेपणाची, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत एमपीएफआय, गाडी आली. पुढे दिलेल्या रकमा लहान गॅरेजांतील दरांचे ढोबळ अंदाज समजाव्यात. गावागणिक आणि सुट्या भागांच्या बनावटीगणिक त्या पुढेमागे होणारच.

इंजिनाच्या दुखण्यांत अग्रमान द्यावा लागतो तो तापण्याला. रेडिएटरचे झाकण इंजिन थंड असतानाच उघडावे. आतले पाणी तांबूस, गाळकट दिसले तर पूर्वीच्या मालकाने कूलंटऐवजी नळाच्या पाण्यावर दिवस काढले, असे खुशाल समजावे. अशा पाण्याने रेडिएटरच्या नळ्या तुंबतात, थर्मोस्टॅट अडकतो, आणि घाटात काटा वर चढला तरी चालकाने गाडी तशीच रेटली की अॅल्युमिनियमचे हेड वाकून गॅस्केट उडते. तेल भरण्याच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसणे हे त्याचे एक लक्षण होय. मात्र पावसाळ्यात केवळ जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत दमटपणामुळेही थोडी साय धरते, म्हणून डिपस्टिकवरील तेलही पाहून मगच निदान करावे. वेळीच नवा रेडिएटर बसवला तर तीन-चार हजारांत भागते; हेड उतरवून, लेथवर फेसिंग करून, नवे गॅस्केट बसवण्यास पाच ते सात हजार लागतात. म्हणजे दोनशे-तीनशे रुपयांचा थर्मोस्टॅट टाळल्याचा दंड वीसपटींच्या घरात जातो.

दुसरी परीक्षा धुराची. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू होताना क्षणभरच निळसर धूर सोडत असेल तर व्हॉल्व्हची सीले कडक झाली आहेत, आणि हे काम तीन-चार हजारांचे आहे. परंतु पाय दाबताच निळा लोट निघत असेल, आणि तो सतत राहत असेल, तर रिंगा व बोअर झिजले असे समजून वीस ते तीस हजारांची तयारी ठेवावी. काळा धूर पेट्रोल जास्त जात असल्याचे सांगतो. तो कार्ब्युरेटर उघडून साफ केल्याने किंवा एमपीएफआय गाडीत सेन्सर बदलल्याने पुष्कळदा जातो. अलीकडच्या वीस टक्के इथेनॉलयुक्त पेट्रोलामुळे जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या व गॅस्केटे लवकर खराब होण्याचा संभव असतो, म्हणून बॉनेटखाली पेट्रोलचा वास येत असल्यास नळ्या बदलण्यात चालढकल करू नये. हा पैशाचा प्रश्न नसून आगीचा आहे.

टायमिंग बेल्ट केव्हा बदलला याचा दाखला विक्रेत्यापाशी नसेल, तर तो कधीच बदललेला नाही असे गृहीत धरून पहिल्याच महिन्यात पट्टा व टेन्शनर मिळून दीड-दोन हजार खर्चावे. चढावर इंजिन ओरडते पण गाडी त्या मानाने पुढे सरत नाही, तेव्हा क्लचप्लेट संपली. प्रेशर प्लेट व बेअरिंगसह मजुरी धरून चार-पाच हजार. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू चालवताना पुढच्या चाकापाशी टकटक असा नियमित आवाज आला तर ॲक्सलचा सांधा झिजला आहे. त्यावरील रबरी बूट फाटल्याचे वेळेत दिसले असते तर काही शेकड्यांत निभावले असते, आता दोन हजार मोजावे लागतील. शॉकॲब्सॉर्बर, बुश आणि ब्रेक यांचा एकत्रित खर्च आठ-दहा हजारांचा, चार टायरांचा तितकाच, आणि बॅटरीचा तीन-चार हजारांचा धरावा.

इतके सारे वाचून कोणाचे मन कच खाईल, परंतु वस्तुतः येथपर्यंतचे सर्व रोग साध्य कोटीतील आहेत. या गाडीचे पिस्टन तालुक्याच्या बाजारात मिळतात, बोअर करणारा टर्नर मिळतो आणि तिचे हेड मिटल्या डोळ्यांनी उतरवतील असे मिस्त्री गल्लोगल्ली आहेत. ज्याला असाध्य म्हणावे तो रोग पत्र्याचा आहे.

या मोटारीला ट्रकसारखी वेगळी चेसिस नाही. तळाचा पत्रा, दारांखालचे उंबरे आणि पुढच्या चाकांवरील खांब यांनी मिळूनच गाडीचा भार पेललेला असतो. कोकणपट्टीत खाऱ्या हवेत वाढलेल्या किंवा मुंबईच्या पावसात वर्षानुवर्षे उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीत पाणी रबरी मॅटखाली मुरते आणि पत्रा आतून खाते; वरून रंगाचा ताजा हात दिलेला असतो. म्हणून मॅट उचलावी, जाजमाखाली हात घालावा आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने तळ ठोकून पाहावा: निकोप पत्रा खणखणीत वाजतो, सडलेला भदभद बोलतो, आणि रंगाखाली फुगे दिसतात तेथे बोट दाबताच पापुद्रा सुटतो. स्टेपनीची जागा, बॅटरीखालचा ट्रे आणि बॉनेट उघडल्यावर दिसणारी खांबांची टोके हीही तपासावीत. शेवटची जागा सडली असेल तर सौदा तेथेच मोडावा. डेंटर एका ठिकाणचा तुकडा कापून वेल्डिंग करण्यास दोन-तीन हजार घेतो. पण सांध्याच्या कडेने दोन पावसाळ्यांत गंज पुन्हा डोके वर काढतो, आणि संपूर्ण तळ बदलून रंगासह काम करू म्हटले तर खर्च गाडीच्या किमतीला जाऊन भिडतो.

कागदपत्रांचा खर्चही दुरुस्तीच्याच खाती मांडावयास हवा. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे प्रादेशिक परिवहन कार्यालयात गाडी तपासून घेऊन पाच-पाच वर्षांची मुदतवाढ मिळवावी लागते. त्याचे शुल्क २०२२ च्या एप्रिलपासून पाच हजार रुपये झाले आणि २०२५ मध्ये २० वर्षांवरील मोटारींसाठी दहा हजारांवर नेण्यात आले; महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. एप्रिल २०१९ पूर्वीच्या वाहनांना उच्च सुरक्षेची नंबरपाटीही सक्तीची आहे. नोंदणी-पुस्तकावर बँकेचा बोजा उरलेला नाही ना, आणि चेसिस व इंजिन क्रमांक तंतोतंत जुळतात ना, हे रक्कम हाती देण्यापूर्वी पाहावे. नंतर पाहून उपयोग नाही.

आता हिशेब. साठ हजारांना मिळणारी गाडी घेताना आणखी पंचवीस-तीस हजार पहिल्या वर्षासाठी बाजूला काढून ठेवता येत नसतील, तर ती गाडी परवडणारी नव्हे. आणि समोर दोन गाड्या असल्या, एकीचे इंजिन धुराळ पण तळ खणखणीत, दुसरीचे इंजिन गुळगुळीत पण उंबरे सडलेले, तर विक्रेता दुसरीची चावी पुढे करील आणि तिच्या आवाजाने घरची मंडळीही मोहून जातील. तरीही पहिलीच घ्यावी. इंजिनाच्या दुरुस्तीचे अंदाजपत्रक मिस्त्री कागदावर लिहून देतो आणि बहुधा त्याच्या आसपास काम पुरे करतो. गंजाचे काम किती रुपयांत संपेल, हे गाडी कापून पाहिल्याखेरीज प्रामाणिक डेंटर कधीच सांगणार नाही.