भाऊरावांच्या जागी कोण?

13 फेब्रुवारी 1901. भाऊराव कोल्हटकर गेले आणि किर्लोस्कर नाटक मंडळीपुढे एकच प्रश्न उभा राहिला: आता गाणार कोण?

प्रश्न पोटापाण्याचाही होता. 'शाकुंतला'त दोनशेच्या आसपास पदे, 'सौभद्रा'त शंभरावर. ध्वनिक्षेपक नव्हता. सारंगी-तबल्याच्या साथीवर रात्रभर गायचे आणि शेवटच्या रांगेतल्या माणसालाही शब्द न् शब्द कळला पाहिजे. 'वन्समोअर' आला की तेच पद पुन्हा तितक्याच दमाने. भाऊरावांनी हे जवळजवळ वीस वर्षे केले. लोक त्यांना लाडाने 'भावड्या' म्हणत. जाहिरातीत नाटकाचे नाव असले तरी बरेचसे तिकीट खपायचे ते त्यांच्या गळ्यावर. असा माणूस वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षी गेला.

गंमत अशी, की हे भाऊरावही मंडळीला एका शोधातच सापडले होते. मंडळीचे संस्थापक अण्णासाहेब किर्लोस्कर आजच्या बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, म्हणजे आम्हा सीमेवरच्यांचेच. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात त्यांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले. नाटक गाजले, पण शकुंतलेला शोभेल असा गळा हवा होता. 1882 साली तो बडोद्यात मिळाला. पोलीस खात्याच्या कचेरीत कारकुनी करणारा एकोणीस वर्षांचा मुलगा. तो शकुंतला झाला, त्याच वर्षी 'सौभद्रा'त सुभद्रा झाला आणि पुढे नायकाच्या भूमिकाही गाजवू लागला.

म्हणजे मंडळीला शोधाशोध नवी नव्हती. त्या काळी बायकांची कामे पुरुषच करत. मुलगा वयात आला की आवाज फुटायचा आणि सुभद्रा रातोरात हातची जायची. म्हणून प्रत्येक नाटक कंपनी कोवळ्या गळ्यांच्या मागावर असे. पण आवाज फुटलेल्या पोराची जागा भरणे वेगळे आणि भाऊरावांची जागा भरणे वेगळे.

आमच्या गुलबर्ग्यात ख्वाजा बंदेनवाजांचा उरूस भरतो, तिथे कव्वाली ऐकताना या प्रश्नाचे एक उत्तर डोळ्यांसमोर दिसते. मुख्य कव्वालाच्या पाठीमागे टाळ्या देत बसलेला मुलगा किंवा पुतण्या म्हणजे उद्याचा वारस. तो वर्षानुवर्षे तीच बंदिश गिळत असतो. नुसरत फतेह अली खाँ असेच घडले. वडील 1964 मध्ये गेले, मग काका मुबारक अलींच्या हाताखाली ते तयार झाले आणि काकांनंतर 1971 मध्ये पार्टीचे म्होरके झाले. नाटक मंडळीत अशी दुसरी रांग नव्हती. वारस बाहेरून आणायचा होता.

चार वर्षे गेली. नायकाच्या भूमिकांसाठी नानासाहेब जोगळेकर मिळाले, मंडळी तगली. पण ज्याच्यासाठी लोक गाडी करून येतील असा स्त्रीभूमिकेतला आवाज काही हाती लागेना.

तो आवाज त्या वेळी कानाच्या दुखण्याने बेजार होता.

नारायण श्रीपाद राजहंस, जन्म 26 जून 1888. जळगावला शाळेत असताना मेहबूब खाँकडे तो गाणे शिकला होता. लहानपणी पुण्यात त्याचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्याला 'बालगंधर्व' म्हटले, असे सांगतात. गाणारा मुलगा म्हणून तो ओळखीचा होता, पण नाटकात जाणे तेव्हा भल्या घरात प्रतिष्ठेचे मानत नसत. कोल्हापुरात शाहू महाराजांनी त्याचे गाणे ऐकले. कानावर उपचार व्हावेत म्हणून महाराजांनी त्याला मिरजेच्या मिशन इस्पितळात पाठवले. किर्लोस्कर मंडळीचा मुक्काम त्या वेळी मिरजेतच होता.

जिला गळा हवा होता ती मंडळी आणि ज्याला गळा होता तो मुलगा एकाच गावात, आणि दोघांना जोडणारा शब्द खुद्द छत्रपतींचा. 1905 साली नारायण मंडळीत दाखल झाला. गोविंद बल्लाळ देवलांनी त्याला अभिनयाचे धडे दिले आणि मिरजेतच तो शकुंतला म्हणून उभा राहिला. तेवीस वर्षांपूर्वी भाऊरावांनी सुरुवात केली होती ती याच भूमिकेने.

प्रेक्षागृहात भाऊरावांना ऐकलेले कान होतेच. त्यांना भाऊरावांची नक्कल मिळाली नाही. भाऊरावांचा आवाज चढा, धारदार, पल्लेदार. नारायणाचा गोड, आर्जवी, शब्दाला कुरवाळत जाणारा. नक्कल असती तर तुलना झाली असती आणि तुलनेत मेलेला माणूस नेहमीच जिंकतो. हा आवाज वेगळा होता, म्हणून टिकला.

हाच अनुभव पाऊणशे वर्षांनी एका रॉक बँडला आला. एसी/डीसीचा गायक बॉन स्कॉट 19 फेब्रुवारी 1980 रोजी लंडनमध्ये गेला, वय 33. त्याच्या जागी न्यूकॅसलकडचा ब्रायन जॉन्सन आला. या जॉन्सनच्या गाण्याची तारीफ बॉननेच आपल्याजवळ केली होती, असे गिटारवादक अँगस यंग सांगतो. जॉन्सनने बॉनची नक्कल केली नाही, आपल्याच खरखरीत वरच्या पट्टीत गायला. पाच महिन्यांत, 25 जुलै 1980 रोजी, 'बॅक इन ब्लॅक' बाजारात आला. काळेकुट्ट मुखपृष्ठ, सुरुवातीला घंटेचे टोल. जगात सर्वाधिक खपलेल्या अल्बमांत आज त्याची गणना होते. 2016 साली मात्र कानाच्याच दुखण्याने जॉन्सनला दौरा अर्ध्यावर सोडावा लागला.

दोन्ही ठिकाणी गायक बदलला तरी गाणे टिकले. एसी/डीसीच्या चालींचा कणा अँगस आणि माल्कम या यंग बंधूंचा होता. किर्लोस्करांची पदे नाटकात बांधलेली होती. सुभद्रेचे पद सुभद्रेचे, ते गाणारा कोणीही असो. म्हणून भाऊराव गेल्यावर 'सौभद्र' मेले नाही, आणि अण्णासाहेब तर 1885 मध्येच गेले होते.

फरक पडला तो पुढे. यंग बंधूंच्या हाती बँडची मालकीही होती आणि गाणीही. किर्लोस्कर मंडळीला गळा शोधता येत होता, राखता आला नाही. 1911 मध्ये 'मानापमान' आले, बालगंधर्वांची भामिनी आणि जोगळेकरांचा धैर्यधर. त्याच वर्षी जोगळेकर गेले आणि नाटकाला चाली देणाऱ्या गोविंदराव टेंब्यांनाच नायक म्हणून उभे राहावे लागले. 1913 मध्ये बालगंधर्व, टेंबे आणि गणपतराव बोडस बाहेर पडले आणि त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली.

मंडळी पुन्हा शोधाला लागली आणि पुन्हा तिला सोने सापडले. या वेळी गोव्याच्या मंगेशीचा कोवळा पोरगा, दीनानाथ मंगेशकर. चारेक वर्षांत तोही निघाला आणि 1918 मध्ये बळवंत संगीत मंडळी उभी राहिली.

भाऊराव मरेपर्यंत मंडळीतच राहिले, कारण त्यांच्या काळी दुसरीकडे जाण्यासारखी जागाच फारशी नव्हती. त्यांच्यानंतर सापडलेल्या दोघांनी त्या जागा स्वतः तयार केल्या. मराठी संगीत रंगभूमीला त्यातून दोन नव्या मंडळ्या मिळाल्या, आणि त्यांची किंमत मोजली ती या गळ्यांना रंगमंचावर पहिले उभे करणाऱ्या किर्लोस्करांच्या मंडळीने.