जुन्या बरणीतील ऑर्किड : टिकणारी भेट

लग्नात किंवा निवृत्तीच्या कार्यक्रमात दिलेला पुष्पगुच्छ दोन दिवसांत कोमेजतो. त्याऐवजी माळ्यावर पडून असलेल्या चिनीमातीच्या बरणीत डेंड्रोबियम ऑर्किडचे रोप द्यावे. त्याची फुले कित्येक आठवडे टिकतात आणि रोप पुढेही फुलत राहते. मात्र रोप बरणीत लावायचे नाही, कुंडीसह नुसते ठेवायचे.

हे मी चुकून शिकलो. आजीची लोणच्याची बरणी धुऊन तीत रोप थेट लावले व बहिणीला दिले. महिन्याभरात मुळे काळी पडली. बरणीला खाली छिद्र नाही, हे कृषी पदव्युत्तर माणसाने विसरावे!

डेंड्रोबियम मूळचे झाडाच्या सालीवर वाढणारे आहे; ते बांडगूळ नव्हे. त्याच्या मुळांवर स्पंजासारखे पांढरे आवरण असते. ते पाणी झटकन शोषते आणि नंतर हवेत सुकते. पाणी साचल्यास मुळांना हवा मिळत नाही व ती कुजतात. म्हणून मातीही वापरू नये.

दुसरा धोका मिठाचा. झिलईला तडे गेलेल्या बरणीत वर्षानुवर्षांचे मीठ मुरलेले असते आणि ऑर्किडला क्षार सोसत नाहीत. बरणी आठ-दहा दिवस साध्या पाण्यात बुडवून ठेवावी व पाणी रोज बदलावे. सुकल्यावर पांढरा थर दिसल्यास पुन्हा भिजवावी. जुन्या बरणीला छिद्र पाडण्याच्या फंदात पडू नये, ती तडकते.

बरणीच्या तोंडातून सहज आत जाईल अशी, भरपूर छिद्रांची प्लॅस्टिकची कुंडी घ्यावी. तीत लाकडी कोळसा, विटांचे तुकडे आणि चांगले भिजवून धुतलेले नारळाच्या सोडणाचे तुकडे भरून रोप लावावे. बरणीच्या तळाशी मातीची पणती उपडी ठेवून त्यावर कुंडी ठेवावी.

पाणी देताना कुंडी बाहेर काढावी, पूर्ण निथळू द्यावी, मगच परत ठेवावी. मुळे हिरवी दिसत असतील तर ती ओली आहेत. रुपेरी-पांढरी झाल्यावरच पाणी द्यावे. कोकणातील दमट हवा या पिकाला मानवते. घाटावर उन्हाळ्यात सकाळी पानांवर पाणी फवारावे. १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला १ ग्रॅम प्रमाणे आठवड्याने द्यावे. सकाळचे कोवळे ऊन चालते, दुपारचे नको.

रोप रोपवाटिकेतूनच आणावे. पावसाच्या तोंडावर फुलणारी सीतेची वेणी कितीही मोहात पाडो, रानातून उपटून आणू नये. ती आणलेली रोपे घरी बहुधा जगत नाहीत आणि रानातलीही जातात.

भेट देताना पाणी देण्याची पद्धत कागदावर लिहून सोबत द्यावी. फुले गळाल्यावर वाळलेला दांडा तेवढा कापावा. पाने झडलेल्या जुन्या कांड्या मेल्यासारख्या दिसतात, पण हिरव्या असेपर्यंत त्यांत अन्न साठलेले असते; त्या काढू नयेत.